जुन्या कंप्युटरवरचे उडालेले आयकॉन आणि ग्रुप परत कसे आणावेत

गोव्यात विंडोज एक्सपीवर चालणारा कंप्युटर शोधायला अजूनही फार लांब जावं लागत नाही. फोंड्यातला लग्नपत्रिका छापणारा छापखाना, डिचोलीकडची एखादी सोसायटी, देवस्थानाचं कार्यालय, म्हापशाच्या बाजारातलं जुनं दुकान, कुठेही कोपऱ्यात तो सापडतो. जत्रेची पत्रकं, नाटकांची हँडबिलं, महाजनांच्या याद्या, पावत्यांचा हिशेब, सगळं त्याच्यावर. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले, तरी हे कंप्युटर निवृत्त झालेले नाहीत. कारण पानं मांडायचं पेजमेकर, हिशेबाचं टॅली ७.२ आणि जुन्या फाँटांचं मराठी टायपिंग त्याच्यावर बसलेलं असतं. ते नव्या विंडोजवर चालेलच याची खात्री नसते, सीडी कुठे गेली कोणाला माहीत नसतं आणि मागे लावलेलं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय प्रोग्राम चालत नाही ती किल्लीसारखी वस्तू, एकुलतं एक असतं.

अशा कंप्युटरवर सकाळी आल्या आल्या पेजमेकरचा आयकॉन दिसला नाही की कार्यालयात धावपळ सुरू होते. "आयकॉन खंय गेलो?" या प्रश्नापासून सुरू झालेली चर्चा दहा मिनिटांत "फॉरमॅट करून टाका" इथवर पोचते. हा सल्ला ऐकू नका. फॉरमॅट केल्यावर डोंगलचा ड्रायव्हर, फाँट आणि लायसन्स यांच्यामागे जो आठवडा जातो, त्यापुढे आयकॉन परत आणण्याचं काम अर्ध्या तासाचंही नाही. आयकॉन म्हणजे घराच्या दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून घर पडत नाही. तुमचा प्रोग्राम बहुतेक वेळा हार्ड डिस्कवर जिथल्या तिथे असतो. आणि ग्रुप म्हणजे मेन्यूत एका नावाखाली एकत्र ठेवलेले आयकॉन.

या लेखाचा मोठा भाग एक्सपीबद्दल आहे, कारण तोच जास्त भेटतो. विंडोज ७, ९८ आणि त्याआधीच्या ३.१ बद्दल शेवटी लिहिलं आहे. हुकूम आणि फाइलींची नावं मी देवनागरीत देतो आहे. टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

आधी हात आवरा

आयकॉन गेल्याचं लक्षात आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत माणसं जे करतात, त्यानेच जास्त नुकसान होतं. रिसायकल बिन रिकामी करू नका. डिस्क क्लीनअप चालवू नका. टेंपररी फाइली उडवू नका. आयकॉन परत आणून देतो म्हणणारा कुठलाही फुकटचा प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवू नका. ज्या एक्सपीला २०१४ पासून नियमित सुरक्षा अपडेट मिळालेले नाहीत, त्याच्यावर असलं काही चालवणं म्हणजे चोराच्या हातात किल्ली देणं.

आयकॉन आत्ताच, तुमच्या डोळ्यांदेखत गेला असेल तर डेस्कटॉपवर मोकळ्या जागी एकदा क्लिक करून कंट्रोल आणि झेड दाबा. विंडोजमध्ये फाइल पुसणं, हलवणं, नाव बदलणं यांतली शेवटची कृती याने उलटते. हे टायपिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं, डेस्कटॉपवर मात्र कोणाला सुचत नाही.

नेमकं काय गेलं ते बघा

एकच आयकॉन गेला की सगळेच? स्टार्ट बटण आणि खालची पट्टी दिसते आहे का? या दोन प्रश्नांवर पुढचा रस्ता ठरतो.

डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन एकदम गेले, पण स्टार्ट मेन्यू शाबूत आहे, असं असेल तर ते बहुधा नुसते लपवलेले असतात. मोकळ्या जागी उजवं क्लिक, अरेंज आयकॉन्स बाय, आणि त्यात शो डेस्कटॉप आयकॉन्स. तिथली खूण नकळत निघालेली असते. क्लिक केलं की सगळे जागेवर.

खालची पट्टीसुद्धा नसेल, नुसतं निळं किंवा हिरव्या डोंगराचं चित्र समोर असेल, तर विंडोजचा एक्सप्लोरर सुरू झालेला नाही किंवा मध्येच बंद पडला आहे. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडा, फाइल मेन्यूत न्यू टास्क निवडा, एक्सप्लोरर हा शब्द टाईप करा आणि एंटर द्या.

आयकॉन आहेत, पण ओळखीचे नाहीत. चित्र वेगळं, माय डॉक्युमेंट्स रिकामं? मग कंप्युटर दुसऱ्याच युजरच्या नावाने उघडला आहे. पावसाळ्यात वीज जाऊन अर्धवट बंद पडलेल्या कंप्युटरवर तुमची प्रोफाइल, म्हणजे तुमच्या नावाची सगळी मांडणी, बिघडली तरी विंडोज तात्पुरती कोरी प्रोफाइल देतं, तेव्हाही हेच दिसतं. लॉग ऑफ करून नेहमीच्या नावाने आत या. एकदा रीस्टार्टही करून बघा. कोऱ्या प्रोफाइलमध्ये बसून नवे आयकॉन बनवत बसलात तर ती मेहनत फुकट जाते.

डेस्कटॉपवर 'अनयूज्ड डेस्कटॉप शॉर्टकट्स' नावाचं फोल्डर दिसतं का तेही बघा. एक्सपीमध्ये डेस्कटॉप क्लीनअप विझार्ड नावाची सोय आहे. ती दर ६० दिवसांनी विचारते, की न वापरलेले आयकॉन आवरू का? घाईत असलेला माणूस ओके म्हणतो आणि वर्षातून एकदा चतुर्थीच्या वर्गणीसाठी लागणारा प्रोग्राम त्या फोल्डरात जाऊन पडतो. तिथून बाहेर ओढला की झालं.

आणि बाण पाहायला शिका. आयकॉनच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल तर तो शॉर्टकट, म्हणजे खऱ्या प्रोग्रामकडे बोट दाखवणारी जेमतेम एक-दोन केबीची फाइल. तो पुसला तरी प्रोग्रामला धक्का लागत नाही. बाण नसलेली वस्तू पुसली असेल, तर खरी फाइल किंवा खरं फोल्डर गेलेलं आहे. तेव्हा मात्र नवा शॉर्टकट करण्याच्या फंदात न पडता आधी रिसायकल बिन.

रिसायकल बिनमधले दोन बारकावे

रिसायकल बिन उघडून व्ह्यू मेन्यूतून डिटेल्स निवडा. मग 'डेट डिलीटेड' या मथळ्यावर क्लिक केलं की नुकतं पुसलेलं एकत्र येतं. हवं त्यावर उजवं क्लिक करून रिस्टोअर. ग्रुपचं अख्खं फोल्डर पुसलं असेल तर फोल्डर रिस्टोअर केल्यावर आतले आयकॉनही त्याच्यासोबत येतात.

तारीख पाहताना एक लक्षात ठेवा. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल मेला असेल तर कंप्युटर दर वेळी वीज गेल्यावर जुन्या तारखेला जातो. मग काल पुसलेली वस्तू यादीत २००२ सालात दिसते. ती शोधताना मूळ जागेचा रकाना, 'ओरिजिनल लोकेशन', जास्त उपयोगी पडतो. सेल बदलाच, किरकोळ खर्चाचं काम आहे.

दुसरं, एक्सपीची डिस्क एनटीएफएस (फाइली साठवण्याची विंडोजची एक पद्धत) पद्धतीची असेल तर प्रत्येक युजरची रिसायकल बिन वेगळी. सकाळच्या पाळीतल्या माणसाने त्याच्या नावाने पुसलेला आयकॉन तुमच्या बिनमध्ये दिसणार नाही. त्याच्याच नावाने लॉग ऑन करून बघा.

शिफ्ट दाबून पुसलेलं, पेन ड्राइव्हवरून पुसलेलं, किंवा काळ्या कमांड खिडकीतून पुसलेलं बिनमध्ये जात नाही. पण गेलेला नुसता शॉर्टकट असेल तर पुसलेल्या फाइली शोधणारी सॉफ्टवेअर लावण्यात अर्थ नाही. नवा शॉर्टकट दोन मिनिटांत होतो. खरी कामाची फाइल गेली असेल तर कंप्युटर तिथेच बंद करा आणि डिस्क दुसऱ्या कंप्युटरला जोडून शोध घ्या, म्हणजे त्याच डिस्कवर नवं काही लिहिलं जाणार नाही.

स्टार्ट मेन्यूतला ग्रुप गेला तर

स्टार्ट मेन्यूतले ग्रुप ही साधी फोल्डरं आहेत, हे कळलं की निम्मी भीती जाते. आणि ती दोन ठिकाणी असतात. एक, सी ड्राइव्हवर डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, त्यात ऑल युजर्स, त्यात स्टार्ट मेन्यू, त्यात प्रोग्राम्स. दुसरं, तसंच सगळं, फक्त ऑल युजर्सच्या जागी तुमचं नाव. पडद्यावर दिसणारा मेन्यू हा या दोघांची बेरीज असतो. डेस्कटॉपचंही तेच.

स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून 'एक्सप्लोर ऑल युजर्स' निवडा आणि आत फिरून बघा. मेन्यूतून गायब झालेले ग्रुप अनेकदा पुसलेले नसतात, शेजारच्या ग्रुपमध्ये सरकलेले असतात. मेन्यू उघडा असताना माउसचं बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं की आयकॉन ओढला जातो, आणि जिथे बोट सुटेल तिथे जाऊन पडतो. दमट हवेत माउसची बटणं चिकटायला लागली की हे हमखास होतं. टॅलीचा ग्रुप मी गेम्सच्या आत पाहिलेला आहे. सापडला की कट करून मूळ जागी पेस्ट करा.

हा त्रास कायमचा मिटवायचा तर टास्कबारवर, म्हणजे खालच्या पट्टीवर, उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, स्टार्ट मेन्यू, कस्टमाइज, ॲडव्हान्स्ड. तिथली 'एनेबल ड्रॅगिंग अँड ड्रॉपिंग' ही खूण काढून टाका.

ग्रुप खरोखर गेला असेल आणि बिनमध्येही नसेल, तर ऑल युजर्सच्या प्रोग्राम्स फोल्डरात नवं फोल्डर करा, त्याला जुनं नाव द्या आणि त्यात एकेक शॉर्टकट टाका. ग्रुप तयार झाला.

शॉर्टकट नव्याने बनवताना

इथे घाई करू नका, कारण चुकीचा शॉर्टकट हा नसलेल्या शॉर्टकटपेक्षा जास्त घोळ घालतो.

पहिली अडचण असते प्रोग्रामच्या खऱ्या फाइलचं नाव माहीत नसणं. त्यासाठी तीन वाटा आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे त्या प्रोग्राममध्ये केलेली एखादी जुनी फाइल शोधून तिच्यावर डबल क्लिक करा. मागच्या वर्षीच्या जत्रेच्या पत्रकाची फाइल उघडली आणि पेजमेकर सुरू झालं, की प्रोग्राम जिवंत आहे हे कळलं. आता तो उघडा असतानाच टास्क मॅनेजरमध्ये ॲप्लिकेशन्सच्या यादीत त्याच्यावर उजवं क्लिक करून 'गो टू प्रोसेस' म्हणा. खऱ्या फाइलचं नाव उजळून दिसेल. पेजमेकर ६.५ असेल तर पीएम६५, ७.० असेल तर पीएम७०.

दुसरी वाट कमी लोकांना माहीत आहे. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात प्रीफेच नावाचं एक फोल्डर असतं. एक्सपी अलीकडे चालवलेल्या प्रोग्रामांची नोंद तिथे ठेवतं, साधारण १२८ पर्यंत. फाइलींची नावं प्रोग्रामच्या नावाने सुरू होतात. तारखेप्रमाणे लावून वाचत गेलात की कालपर्यंत वापरात असलेल्या प्रोग्रामचं नाव सापडतंच. तिथे वाचायचं फक्त. काही उडवायचं नाही.

तिसरी वाट म्हणजे थेट प्रोग्राम फाइल्स फोल्डरात जाऊन हुडकणं. तत्पूर्वी टूल्समधल्या फोल्डर ऑप्शन्समध्ये फाइलींची शेपूट (नावातल्या टिंबानंतरची अक्षरं) लपवणारी खूण काढा, म्हणजे प्रोग्राम सुरू करणारी ईएक्सई कोणती आणि बाकीच्या कोणत्या ते कळेल. एका फोल्डरात दहा ईएक्सई असतात. ओळखीचं चित्र असलेली आणि आकाराने मोठी ती बहुधा आपली. सेटअप, अनइन्स्टॉल किंवा युएनआयएनएस अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइलींना हात लावू नका. उत्सुकतेने डबल क्लिक केलंत तर प्रोग्राम खरंच निघून जाईल.

फाइल सापडली की तिला माउसच्या उजव्या बटणाने धरून डेस्कटॉपवर ओढा, सोडा, आणि 'क्रिएट शॉर्टकट्स हिअर' निवडा. डाव्या बटणाने ओढू नका. उजव्या बटणाने सोडताना विंडोज विचारतं, त्यामुळे खरी फाइलच उचलून डेस्कटॉपवर येण्याचा धोका राहत नाही. फाइलवर उजवं क्लिक करून सेंड टू, डेस्कटॉप हेही चालतं.

आता शॉर्टकटवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'टार्गेट' या ओळीत प्रोग्रामचा पत्ता असतो. तिच्या खालची 'स्टार्ट इन' ही ओळ बहुतेकजण वाचतही नाहीत, आणि जुन्या हिशेबाच्या प्रोग्रामांचं नशीब त्याच ओळीवर ठरतं. डॉसमधले (विंडोजच्या आधीची, हुकूम टाईप करून चालवायची पद्धत) किंवा फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत कोणीतरी स्थानिक माणसाने वीस वर्षांपूर्वी लिहून दिलेले प्रोग्राम आपला डेटा 'चालू फोल्डरात' शोधतात. स्टार्ट इन रिकामं किंवा चुकीचं असेल तर ते फाइल सापडत नाही म्हणून बंद पडतात. काही तर त्याहून वाईट करतात, चुकीच्या जागी नव्या कोऱ्या फाइली तयार करतात. मग प्रोग्राम उघडतो, पण आत सभासद नाहीत, पावत्या नाहीत, शिल्लक शून्य. कार्यदर्शींचा चेहरा उतरतो. डेटा गेलेला नसतो, प्रोग्राम भलत्याच खोलीत बघत असतो. स्टार्ट इनमध्ये डेटा असलेल्या फोल्डराचा पूर्ण पत्ता द्या आणि पुन्हा उघडा.

असे प्रोग्राम पुष्कळदा थेट ईएक्सईने चालूही होत नाहीत. फोल्डरात बीएटी शेपटीची छोटी फाइल असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडून वाचा. प्रोग्राम सुरू करण्याआधी करायच्या तयारीच्या ओळी तिच्यात असतील, तर शॉर्टकट तिचाच करा.

टॅलीच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. ७.२ वापरणाऱ्यांच्या कंप्युटरवर कधीतरी ९ चाचणीसाठी टाकलेलं असतं, आणि एखाद्या हुशार माणसाने बॅकअप म्हणून अख्खं टॅली फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपीही केलेलं असतं. शोधल्यावर टॅली७२ नावाच्या दोन फाइली सापडतात. चुकीच्या फाइलीचा शॉर्टकट केलात तर तीन वर्षांपूर्वीचा हिशेब उघडेल, आणि कोणाच्या लक्षात न येता त्यात नव्या नोंदी सुरू होतील. म्हणून दोन्ही ठिकाणी डेटा नावाच्या फोल्डरात जाऊन फाइलींच्या शेवटच्या तारखा बघा. ताजी तारीख जिथे, तो खरा. शॉर्टकट केल्यावर शेवटचं व्हाउचर उघडून त्याची तारीख पाहिल्याशिवाय कंप्युटर कोणाच्या हाती देऊ नका.

आयकॉनच्या जागी पांढरा कागद दिसत असेल तर प्रॉपर्टीजमध्ये 'चेंज आयकॉन' आहे. डॉसच्या प्रोग्रामांना स्वतःचं चित्र नसतं. त्यांच्यासाठी विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरातल्या शेल३२, मोरआयकॉन्स (एमओआरआयसीओएनएस) आणि पिफमॅनेजर (पीआयएफएमजीआर) या फाइलींत चित्रांचा साठा आहे. फार सजवू नका. कार्यालयातल्या लोकांना पूर्वी जे चित्र होतं तेच हवं असतं.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे शॉर्टकट निराळ्या जातीचे असतात, त्यांचं टार्गेट पुसट दिसतं आणि बदलता येत नाही. ऑफिस २००० ते २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत वर्ड कसंही करून उघडा, हेल्प मेन्यूत 'डिटेक्ट अँड रिपेअर' आहे. तिथे शॉर्टकट परत आणण्याची खूण असते, ती ठेवा. सीडी मागू शकतं. आपण केलेले बदल टाकून देण्याबद्दलची दुसरी खूण दिसली तर ती लावू नका.

मराठी टायपिंग बिघडलं तर स्टार्टअप बघा

हा प्रकार छापखान्यांत वारंवार होतो. "फाँट उडाले" म्हणून तक्रार येते. फाँट जागेवर असतात. झालेलं असतं असं, की मराठी कीबोर्ड पुरवणारा प्रोग्राम विंडोजबरोबर आपोआप सुरू व्हायचा, कारण त्याचा शॉर्टकट स्टार्टअप नावाच्या ग्रुपमध्ये होता. तो ग्रुप कोणीतरी साफसफाईत पुसला. आता पेजमेकर उघडतं, जुनी पत्रकं नीट दिसतात, पण नवं टाईप केलं की भलतीच अक्षरं उमटतात.

स्टार्ट मेन्यूच्या प्रोग्राम्स फोल्डरात स्टार्टअप आहे का बघा. नसेल तर त्याच इंग्रजी स्पेलिंगचं फोल्डर करा आणि टायपिंगच्या प्रोग्रामचा शॉर्टकट त्यात टाका. कंप्युटर रीस्टार्ट करून घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह येतं का पाहा. तरीही तो सुरू होईना, तर मागे वाकून डोंगल बघा. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लावलेलं डोंगल झाडताना सैल झालेलं असतं, आणि दोष मात्र आयकॉनला मिळतो.

विंडोजचे स्वतःचे आयकॉन

माय कंप्युटर, माय डॉक्युमेंट्स हे डेस्कटॉपवर हवे असतील तर मोकळ्या जागी उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, डेस्कटॉप, कस्टमाइज डेस्कटॉप. तिथे खुणा करा. रिसायकल बिन त्या यादीत नसते. ती गेली असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमधला ट्वीक यूआय हा छोटा प्रोग्राम ती परत दाखवतो.

ॲक्सेसरीज ग्रुप पुसला गेला असेल तर एक युक्ती आहे. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट युजर' नावाचं लपवलेलं फोल्डर असतं. नव्या युजरला मिळणारा मेन्यू विंडोज त्यातूनच उतरवून घेतं. लपवलेल्या फाइली दाखवायची सोय चालू करा, त्यातलं ॲक्सेसरीज फोल्डर कॉपी करा आणि आपल्या मेन्यूत पेस्ट करा. नोटपॅड वगैरे आलं. कॅल्क्युलेटर आणि पेंट राहिले तर त्यांच्या फाइली सिस्टम३२ मध्ये आहेत, कॅल्क आणि एमएसपेंट या नावांनी. वर्डपॅड प्रोग्राम फाइल्समधल्या विंडोज एनटी फोल्डराच्या ॲक्सेसरीजमध्ये.

खालच्या पट्टीवरची छोट्या आयकॉनांची रांग, म्हणजे क्विक लाँच, गेली असेल तर पट्टीवर उजवं क्लिक, टूलबार्स, क्विक लाँच. त्यातला शो डेस्कटॉप परत आणण्याचे उपाय आहेत, पण विंडोजच्या खुणेचं बटण आणि डी एकत्र दाबलं की तेच काम होतं. मी त्याच्यामागे वेळ घालवत नाही.

व्हायरसने लपवलेले आयकॉन

सगळे ग्रुप दिसतात पण आत रिकामे, डेस्कटॉप ओसाड, आणि पडद्यावर हार्ड डिस्क खराब झाल्याच्या इशाऱ्यांचा भडिमार. पैसे भरा, दुरुस्त करतो. २०११ च्या सुमारास पसरलेल्या खोट्या दुरुस्ती-प्रोग्रामांचा हा नमुना. ते फाइली लपवतात आणि मेन्यूतले शॉर्टकट उचलून टेंप फोल्डरात 'एसएमटीएमपी' नावाच्या उपफोल्डरात नेऊन ठेवतात. म्हणूनच सुरुवातीला टेंपररी फाइली उडवू नका असं म्हटलं. व्हायरस आधी काढायचा, मग त्या उपफोल्डरातलं १ क्रमांकाचं फोल्डर ऑल युजर्सच्या स्टार्ट मेन्यूत, २ क्रमांकाचं क्विक लाँचमध्ये आणि ४ क्रमांकाचं ऑल युजर्सच्या डेस्कटॉपवर रिकामं करायचं. लपलेल्या फाइली निवडून प्रॉपर्टीजमधली हिडन ही खूण काढायची.

सिस्टम रिस्टोअर मी सगळ्यात शेवटी ठेवतो. स्टार्ट, ऑल प्रोग्राम्स, ॲक्सेसरीज, सिस्टम टूल्स, सिस्टम रिस्टोअर. याने विंडोजची मांडणी मागच्या एखाद्या तारखेला नेता येते. आयकॉन जाण्याच्या आदल्या दिवसाची ठळक तारीख निवडायची. माय डॉक्युमेंट्समधल्या फाइलींना ते हात लावत नाही, पण त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातात. गेल्याच आठवड्यात नवा प्रिंटर बसवला असेल तर विचार करा.

पुन्हा जाऊ नयेत म्हणून

कार्यालयातल्या रोजच्या वापरासाठी लिमिटेड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं, खातं करा आणि महत्त्वाचे आयकॉन ऑल युजर्सच्या डेस्कटॉपवर ठेवा. एनटीएफएस डिस्कवर लिमिटेड खात्यातून ते पुसताच येत नाहीत. मात्र फॉक्सप्रोचे जुने प्रोग्राम लिमिटेड खात्यात कुरकुर करतात, कारण त्यांना आपल्या फोल्डरात लिहायची परवानगी लागते. तिथे त्या एका फोल्डरापुरती परवानगी द्यावी लागेल.

डेस्कटॉप आणि स्टार्ट मेन्यू ही फोल्डरं, दोन्ही ठिकाणची, एका पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. सगळं मिळून काही एमबीसुद्धा भरत नाही. पुढच्या वेळी नुसतं परत पेस्ट करायचं. शिवाय प्रत्येक महत्त्वाच्या शॉर्टकटचं टार्गेट आणि स्टार्ट इन एका कागदावर लिहून तो कंप्युटरच्या कॅबिनेटवर चिकटवा. पेन ड्राइव्ह हरवतो, कॅबिनेट हरवत नाही.

विंडोज ७ वर

जागा बदलल्या आहेत, तत्त्व तेच. सगळ्यांचा मेन्यू सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रामडेटा या लपलेल्या फोल्डरात, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, स्टार्ट मेन्यू असा सापडतो. सगळ्यांचा डेस्कटॉप युजर्समधल्या पब्लिकमध्ये. कोणी हात न लावताही आयकॉन गेले असतील तर दोष विंडोजच्या आठवड्याच्या देखभालीचा असू शकतो. डेस्कटॉपवर चारपेक्षा जास्त तुटके शॉर्टकट असले की ती ते काढून टाकते, आणि नेटवर्कवरचा दुसरा कंप्युटर त्या वेळी बंद असला तर त्याच्याकडे जाणारे चांगले शॉर्टकटही तुटके ठरतात. कंट्रोल पॅनेलमध्ये ट्रबलशूटिंगच्या चेंज सेटिंग्जमधून ही देखभाल बंद करता येते.

विंडोज ९५ आणि ९८ वर

इथे सगळं विंडोज फोल्डरातच असतं. स्टार्ट मेन्यू त्यातच, डेस्कटॉपही त्यातच. ॲक्सेसरीजसारखे मूळ ग्रुप गेले असतील तर स्टार्ट, रन, आणि जी-आर-पी-सी-ओ-एन-व्ही ही अक्षरं सलग, मग एक जागा सोडून स्लॅश आणि एस. एंटर केलं की विंडोजचे स्वतःचे ग्रुप नव्याने तयार होतात. तुम्ही बसवलेल्या प्रोग्रामांचे ग्रुप यातून येत नाहीत, ते हातानेच करावे लागतात. हा कंप्युटर ३.१ वरून ९५ वर नेलेला असेल आणि विंडोज फोल्डरात जीआरपी शेपटीच्या जुन्या फाइली पडून असतील, तर त्यांच्यावर डबल क्लिक केलं की ते ग्रुप मेन्यूत येतात. सिस्टम रिस्टोअर ९८ मध्ये शोधू नका. ते त्यानंतरच्या विंडोज एमई या आवृत्तीपासून आलं.

विंडोज ३.१ वर

१९९२ सालचं हे विंडोज आता औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या जुन्या यंत्राला जोडलेल्या कंप्युटरवर किंवा हौशी माणसाच्या घरीच भेटायचं. इथे स्टार्ट मेन्यू नाही, प्रोग्राम मॅनेजर आहे, आणि प्रत्येक ग्रुप म्हणजे एक जीआरपी फाइल. ग्रुपांची यादी प्रोगमॅन डॉट आयएनआय या फाइलीत असते.

आधी वरच्या विंडो मेन्यूत ग्रुपचं नाव आहे का बघा. बऱ्याचदा तो दुसऱ्या खिडकीमागे दडलेला असतो. नाव नसेल तर फाइल मॅनेजरने विंडोज फोल्डरात त्याची जीआरपी फाइल शोधा. फाइल असेल तर काम सोपं: फाइल, न्यू, प्रोग्राम ग्रुप, आणि 'ग्रुप फाइल' या चौकटीत तिचा पूर्ण पत्ता. आतल्या आयकॉनांसकट ग्रुप परत येतो.

फाइलच पुसली असेल तर विंडोजमधून बाहेर पडून डॉसवर जा. डॉस ५ पासून अनडिलीट हा हुकूम मिळतो. डॉस फाइल पुसताना तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडतं, म्हणून अनडिलीट तुम्हाला ते अक्षर विचारेल. मेन असेल तर एम. मध्ये दुसरं काही लिहिलं गेलेलं नसेल तर फाइल उठून येते.

तेही जमलं नाही तर प्रोग्राम मॅनेजरच्या फाइल, रनमध्ये सेटअप, जागा, स्लॅश पी असं द्या. मेन, ॲक्सेसरीज, गेम्स आणि स्टार्टअप हे मूळ ग्रुप पुन्हा उभे राहतात. बाकीच्या प्रोग्रामांसाठी विंडोज सेटअपच्या ऑप्शन्समध्ये 'सेट अप ॲप्लिकेशन्स' आहे, ते डिस्क धुंडाळून ओळखीच्या प्रोग्रामांचे आयकॉन करून देतं. एका ग्रुपमध्ये ५० पर्यंत आयकॉन मावतात आणि एकूण ग्रुप ४० पर्यंत, तेव्हा सगळंच निवडत सुटू नका.

सगळं जागेवर आलं की प्रोगमॅन डॉट आयएनआयची आणि सगळ्या जीआरपी फाइलींची फ्लॉपीवर प्रत घ्या. मग ती आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा, शेवटी चौकटी कंसात रिस्ट्रिक्शन्स हा मथळा लिहा आणि खालच्या ओळीत एडिटलेव्हल, बरोबरचं चिन्ह आणि २. विंडोज पुन्हा सुरू केल्यावर ग्रुप आणि त्यांतले आयकॉन कोणालाच पुसता येत नाहीत. नवा प्रोग्राम बसवायचा असेल त्या दिवशी २ च्या जागी ० करायचं, आणि काम झालं की परत २.